काटा जागेवरच होता

१२ नोव्हेंबर, रविवार

चि. घुम्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी इकडे ठीक आहोत. तुम्ही तिघं ठीक असाल असं मी आपलं धरून चालते, कारण तू कळवण्यातला नाहीस. फोन केला तर नुसतं "हं" म्हणतोस आणि दोन मिनिटांत फोन बायकोच्या हातात देतोस. ती बिचारी हवापाण्याचं विचारते, मग मीही हवापाण्याचं सांगते. म्हणून पत्र. पत्राला "हं" म्हणून सुटता येत नाही.

आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. कान मात्र पार गेले. परवा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मला विचारते, "इंजिन चालू आहे का गं?" मी म्हटलं, चालू आहे. तर म्हणते, "मग मला आधी का नाही सांगितलंस, मी नीट बसले असते." आणि पदर सारखा करून बसली, कुणी पाहुणा आल्यासारखी.

हो, इंजिन. बातमी तीच आहे. म्हातारी सुरू झाली.

अकरा वर्षं शेडमागे ताडपत्रीखाली उभा असलेला ट्रक सुरू होतो म्हणजे गंमत नाही. टायरांची माती झाली होती, सीटच्या स्प्रिंगांत मुंगसाने संसार थाटला होता. अण्णा होते तोवर त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नाही आणि अण्णा गेल्यावर चार वर्षं मीही लावला नाही. मग पावसाळा संपता संपता भंगारवाला आला. म्हणाला, जागा अडलीय, मी घेऊन जातो. त्याने बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर टिचकी मारून म्हणाला, "यात पितळ चांगलं आहे, आधी हाच काढतो." मी त्याला नाही म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. त्याच दिवशी जॅक लावला.

इंजिन पूर्ण उघडलं. पिस्टन लाइनरला वेल्डिंग केल्यासारखे धरून बसले होते. दीड महिना गेला. ते सगळं तुला लिहीत बसले तर वही संपेल. आता अडलंय ते पाणी थंड करण्यावर, आणि ते खातं तुझं. अण्णा म्हणायचे ना, पोरीला इंजिन कळतं, पोराला पाणी कळतं.

मूळ रेडिएटर गेला. नळ्या कुजल्या, खालची टाकी फुगली. खालचा रबरी पाइप तर गंजाने असा धरून बसला होता की तो मध्येच कापून रेडिएटर पाइपाच्या तुकड्यासकट काढावा लागला. आपल्या रेडिएटरवाल्या काकांकडे टाकलाय. दुरुस्त होणार नाही हे दिसतंच आहे, तरी टाकलाय. या मॉडेलचा नवा मिळणं शक्यच नाही, म्हणून बाहेरच्या कंपनीचा अॅल्युमिनियमचा घेतला, दुसऱ्याच गाडीसाठी बनवलेला. उंचीला कमी, जाडीला दुप्पट. खाली लोखंडी पट्ट्यांची चौकट करून रबराच्या गाद्यांवर बसवते आहे. वरचं तोंड लहान आणि आपला पाइप मोठा, तिथे जोड करावा लागला.

आता अडचण ऐक. रेडिएटर जाड झाल्यामुळे तो आणि पाण्याचा पंप यांच्यात दोनच बोटं जागा उरते. जुना चार पात्यांचा पंखा मावत नाही. म्हणून तो काढून टाकला आणि विजेवरचा पंखा आणला. तोही मागे मावत नाही, सबब रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत बसवणार आहे. पाणी तापलं की आपोआप लागेल असा स्विच, मध्ये रिले, जाड वायर, फ्यूज. डायनॅमोला एवढा भार झेपणार नाही म्हणून अल्टरनेटर घातला. अण्णांनी पाहिलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

पुढे बसवलेला पंखा चालेल ना? एवढंच कळव. एका ओळीत कळव, मला चालेल. तुमच्या बोटींच्या इंजिनांना रेडिएटर लागत नाही, सगळा समुद्र खाली हजर, म्हणून विसरला नाहीस ना सगळं?

नव्या रेडिएटरच्या दोन्ही तोंडांत बोळे घातलेत आणि जोडीच्या चिंध्या स्टेअरिंगला बांधल्यात. नियम अजून चालू आहे. कुंभारमाशीने एकदा पाइपात मातीचं घर केलं आणि अण्णांनी आपल्याला बाराखडीच्या आधी तो शिकवला: कापड फाडून दोन तुकडे, एक उघड्या पाइपात, दुसरा स्टेअरिंगला, आणि दोन्ही तुकडे एका हातात आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. गॅरेजात येणारे ड्रायव्हर हसतात. हसू देत.

चढावरच्या त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. गाडी सुरू झाली एवढंच सांगायचं होतं.

आईने तुला जेवत जा म्हणून सांगितलंय. तू चाळिशीला आलास हे तिला पटत नाही.

तुझी,
ताई

ता.क. दोन आठवडे वाट बघून मी पंखा बसवून टाकणार. तुझ्या "हं"वर गाडी अडवून ठेवणार नाही.


३ डिसेंबर, रविवार

चि. घुम्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, म्हणजे सगळं क्षेम असणार. तुझं गप्प बसणं हीच तुझी खुशाली, असं आई म्हणते. माझं आणि तिचं यावर एकमत नाही.

पंखा बसवला. कंपनीच्या कागदावर चित्र होतं तसा तंतोतंत जोडला, लाल वायर लालला, काळी काळीला. किल्ली फिरवायच्या आधी दोन्ही बोळे काढले, दोन्ही चिंध्या सोडल्या, चारही तुकडे आईच्या मांडीवर मोजून ठेवले. ती म्हणाली, "मला काय देतेस, मी काय शिवणार आहे याचं?"

अंगणात दोन तास इंजिन चालू ठेवलं. काटा मधल्या खुणेच्या जरा वर जायचा, पंखा लागायचा, काटा खाली यायचा. मी खूश. रेडिएटरवाल्या काकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "पोरी, म्हातारीला कूलर बसवलास." त्यांचं निम्मं आयुष्य पितळी टाक्यांना कथलाचे डाग देण्यात गेलं, अॅल्युमिनियम बघितलं की त्यांच्या पोटात दुखतं. पण त्या दिवशी हसले.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढली आणि सगळं ओम्फस. सपाटीला चार मैल ठीक. वेग वाढवला की काटा चढायला लागतो. बरं, पंखा बंद पडलाय म्हणावं तर तोही नाही, आवाज येतोय. थांबवली, चालू ठेवून उभी केली, तर पाच मिनिटांत काटा खाली. पुन्हा निघाले, पुन्हा वर. उभी असताना गार आणि पळताना गरम, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पाण्याचा पंप पाहिला, थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, झाकण बदललं, हवा अडकली असेल म्हणून गाडीचं नाक वर करून पाणी भरलं. काही उपयोग नाही.

तरी हट्टाने चढ घेतला. तिसऱ्या वळणापर्यंत गेले आणि काटा लाल पट्टीत. बाजूला घेतली. उतरून बघते तर पुढे ती मोरी. दगडावर पांढरा आकडा आहे, तोच. तू जिथे उभा होतास तिथे. मी त्या कठड्यावर अर्धा तास बसले होते, गाडी गार होईपर्यंत. तू इथे किती वेळ बसला होतास? ओढून आणायला दुसरी गाडी दुपारी निघाली, म्हणजे सात तास तरी. आम्ही तुला कधी विचारलंच नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

काकांनी जुना रेडिएटर कापला. खालच्या तोंडात, पाइपाच्या आत, बोटभर खोल, कापडाचा बोळा होता. काकांनी वाकड्या तारेने ओढून काढला. आधी त्यांना वाटलं मेलेला उंदीर. बाहेरून सगळा गंजाने तांबडा, दगडासारखा घट्ट. पाण्यात भिजत घातला तेव्हा आतल्या घडीत निळ्या चौकड्या दिसल्या. तुझा तो जुना शर्ट आठवतो ना, आईने गॅरेजच्या चिंध्यांत टाकलेला, त्याचा.

म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. खालून इंजिनला पाणी जात नव्हतं. आणि म्हातारीच्या काट्याची तार रेडिएटरच्या वरच्या टाकीत होती. इंजिनात उकळी फुटली तरी ते पाणी टाकीत आलंच नाही, म्हणून टाकी गार आणि काटा मध्यावर. इंजिन जागच्या जागी धरलं आणि काटा काही बोलला नाही. तू म्हणाला होतास तसंच. "काटा जागेवरच होता," एवढंच एक वाक्य तू बोललास, आणि अण्णांनी पाच ड्रायव्हरांसमोर तुला खोटारडा म्हटलं. झोपला होतास, काटा बघितला नाहीस आणि वर खोटं बोलतोस, म्हणाले. खोटं बोलणाऱ्याच्या हातात मी किल्ली देत नाही, म्हणाले. तेव्हा काकाही तिथे होते. बोळा त्यांनी फडक्यावर ठेवून माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाले, "हे पोराला कळवायला पाहिजे." म्हणून कळवते आहे.

बोळा कुणी घातला आणि कसा राहिला, आता कोण सांगणार? अण्णांनीच पाइप चढवला होता. त्यांचं वय झालं होतं, नजर कमी झाली होती, घाई होती. त्यांचाच हात असणार. माणूस गेलं, आता त्यांच्याशी काय भांडायचं. पण तू खरं बोलत होतास हे तुला कळावं.

फार विचार करू नकोस. पंख्याचं मात्र काही सुचलं तर कळव, मी अगदी टेकीला आले आहे.

तुझी,
ताई


२१ डिसेंबर, गुरुवार

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत पहिलं. पोस्टमनने ते उलटसुलट करून वाचलं आणि मला म्हणाला, "यात काही मजकूरच नाही हो." मी त्याला म्हटलं, भरपूर आहे.

दोन ओळी. पहिली आधी घेते, कारण ती सोपी आहे.

"पंख्यापुढे कागद धर."

धरला. तुझ्याच कार्डाचा पुठ्ठा जड म्हणून वहीचं पान फाडून जाळीपुढे धरलं आणि काकांना वायर जोडायला लावली. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो माझ्या हातातून सुटला आणि उडून आईच्या खुर्चीखाली गेला. पंखा उलटा. मी कागदावरचं चित्र बघून जोडला, आणि चित्र होतं पंखा मागे बसवण्याचं. मी बसवला पुढे. तो आतली हवा बाहेर फेकत होता आणि गाडी पळायला लागली की रस्त्यावरची हवा समोरून आत येत होती. दोघं एकमेकांना ढकलत बसले आणि मधल्या रेडिएटरला काहीच मिळालं नाही. उभी असताना हवा कुठूनही कुठेही गेली तरी चालतं, म्हणून अंगणात गार. चाळीस वर्षं हातात पाना आणि मी चित्र बघून वायर जोडते! काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईला काही ऐकू आलं नाही, पण तीही हसली.

वायरी अदलाबदल केल्या, पाती काढून उलटी बसवली. कागद धरला, फट्‌दिशी चिकटला. सोमवारी चढ घेतला. तिसरं वळण गेलं, मोरी गेली, वर टोकाला पोचले. काटा मधल्या खुणेला चिकटून. मी वर गाडी थांबवली आणि खाली उतरले नाही. तुझी दुसरी ओळ खिशात होती.

"त्या पहाटे स्टेअरिंगवर चिंधी नव्हती."

तू विचारलं नाहीस. नुसतं लिहिलंस. मला वाटलं होतं, अण्णांचा हात म्हटल्यावर तू मान डोलवशील आणि गप्प बसशील, नेहमीसारखा. पण बोळा पाइपात असेल तर जोडीचा तुकडा स्टेअरिंगला असायला हवा होता, आणि त्या स्टेअरिंगवर बसला होतास तू. अण्णांची नजर कमी झाली होती म्हणून मी लिहिलं. अण्णांनी पाइप चढवला तो स्टेअरिंग मोकळं बघूनच. त्यांनी नियम पाळला. नियम मोडला मी.

सांगते. या वेळी सगळं.

त्या संध्याकाळी खालचा पाइप बदलायचा होता. अण्णा चहाला गेले होते. शर्ट मी फाडला, बोळा मी घातला, दुसरा तुकडा मीच स्टेअरिंगला बांधला. मग नवा पाइप मापाला कापताना सुरी सटकली आणि डाव्या अंगठ्यात गेली. तो वण तू पाहिलाच आहेस, डब्याच्या पत्र्याने कापलं असं मी सांगत आले. रक्त थांबेना. मी केबिनच्या दाराशी होते, हाताला लागेल ते कापड ओढलं आणि अंगठ्याला गुंडाळलं. ते स्टेअरिंगवरचं होतं. तशीच दवाखान्यात गेले, दोन टाके पडले. कंपाउंडरने कापड सोडून माझ्या हातात दिलं, मी ते खिशात कोंबलं. परत आले तर अण्णांनी पाइप चढवून, क्लिपा आवळून, पाणी भरून ठेवलं होतं. म्हणाले, "झालं, सकाळी घुम्याला जाऊ दे." मी म्हटलं, बरं. माझं सगळं लक्ष अंगठ्यात.

इथपर्यंत चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते, आणि एवढंच असतं तर मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. पुढचं ऐक.

तुला ओढून आणलं, अण्णा जे बोलायचं ते बोलले, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे भिजवायला काढले. खिशात चिंधी सापडली. निळ्या चौकड्या, वाळलेलं रक्त. बघितल्याबरोबर मला सगळं कळलं, घुम्या. विचार करावा लागला नाही. तेव्हा तू आतल्या खोलीत बॅग भरत होतास. तुझी बस बाराची होती आणि वाजले होते दहा. मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले, चिंधी मुठीत. तू वर बघितलंस आणि विचारलंस, "काय?"

मी म्हटलं, "काही नाही. पाण्याची बाटली घेतलीस का?"

अकरा वर्षं मला ते वाक्य ऐकू येतंय. आईचे कान गेले त्याऐवजी माझे गेले असते तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटलं.

का नाही सांगितलं? त्या आठवड्यात पेंटर येणार होता. गॅरेजच्या पाटीवर अण्णा त्यांच्या नावाखाली माझं नाव घालणार होते. पोरीचं नाव पाटीवर घालतो म्हणून ते सगळ्यांशी भांडले होते. त्यांचं एकच म्हणणं होतं, हिचा हात चुकत नाही. मी सांगितलं असतं तर पाटी गेली असती, नुसती पाटी नाही, मला परत घरात बसवलं असतं. मला गॅरेज हवं होतं. तू चार दिवसांनी परत येशील, मग निवांत सांगू, असं मी स्वतःला समजावलं. तू आला नाहीस. पाटी रंगली. मग दर महिन्याला सांगणं आणखी अवघड होत गेलं, आणि तू तिकडे लग्न केलंस, काम लागलं, तुझं बरं चाललंय असं मी म्हणायला लागले. मला सोयीचं होतं ते.

आणखी एक आहे. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. शेवटच्या आजारात अण्णा एकदा मला म्हणाले, "घुम्या खोटं बोलणारा पोरगा नव्हता गं. काटा खरंच जागेवर असेल का?" मी त्यांच्या उशाशी होते. मी म्हटलं, "अण्णा, औषध घ्या." त्यांनी घेतलं. तू त्यांच्या तेराव्याला आलास आणि पाणीही न पिता परत गेलास, तेव्हा सगळे तुला दगड म्हणाले. मी त्यांना गप्प केलं नाही. दगड मी होते.

भंगारवाल्याला मी नाही म्हटलं ते म्हातारीच्या प्रेमापोटी नव्हे. तो रेडिएटर दुसऱ्या कुणी उघडला असता म्हणून. काढल्यावर तीन दिवस मी तो माझ्या पलंगाखाली ठेवला होता. बोळा काढून चुलीत टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. स्वतः उघडायची छाती होईना आणि फेकायची तर त्याहून होईना, म्हणून काकांकडे दिला. आणि तरीही मागच्या पत्रात मी अण्णांच्या नावावर खपवलं. मेलेल्या माणसाच्या! तुझं कार्ड आलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. हे मी स्वतःला ओळखून लिहिते आहे.

मंगळवारी मी सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी अंगणात असलेल्या पाच ड्रायव्हरांपैकी तीन हयात आहेत, ते तिघं आले. काका आले. आईची खुर्ची मध्ये. मी बॉनेटला टेकून उभी राहिले आणि तुला आत्ता लिहिलं तेवढं सगळं मोठ्याने सांगितलं, आईसाठी दोनदा. एक ड्रायव्हर म्हणाला, "आम्हीही तेव्हा हसलो होतो त्याला." मग सगळे उठून गेले. काका जाताना माझ्याकडे बघून गेले नाहीत.

आईने मला एकच विचारलं, "अण्णांनी विचारलं तेव्हाही तू बोलली नाहीस?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं की वाटी पुढे सरकवते. काल संध्याकाळी तिने तुझा पलंग झटकला. तू येणार आहेस का, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. तिने झटकला.

मी तुला माफ कर म्हणणार नाही. म्हटलं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तू आणखी काही करावंस असं मला वाटत नाही. पाटीवरचं माझं नाव मी खरवडलेलं नाही. ते नाटक झालं असतं. गॅरेज मला चालवता येतं आणि मी ते चालवणार. पण म्हातारी माझी नाही. तुला ती कागदोपत्री हवी असेल तर करून देते, नको असेल तर नको म्हण.

गाडी अंगणात उभी आहे, नाक रस्त्याकडे. पाणी भरलंय, तेल नवं, पंखा सुलटा. तुला पाणी कळतं, तू एकदा हात लावून बघ की खालच्या पाइपाला किती ताप येतो. मला जरा जास्त वाटतो.

या पाकिटात कापडाचा एक तुकडा आहे. उघडताना पाडू नकोस. तो माझ्या खिशातला. अकरा वर्षं शिवणाच्या डब्यात तळाशी होता. रक्त धुतलेलं नाही. दुसरा तुकडा, रेडिएटरमधून निघालेला, मी आज सकाळी धुऊन म्हातारीच्या स्टेअरिंगला बांधला आहे. दोन गाठी मारल्यात. नियम तुला माहीत आहे. एक तुकडा तुझ्याकडे आहे तोवर या गाडीची किल्ली कुणी फिरवणार नाही, मीसुद्धा नाही.

काटा जागेवरच होता. हे मी, पोरीचा हात चुकत नाही असं ज्यांनी म्हटलं त्यांची पोरगी, सही करून लिहून देते.

तुझी बहीण,
जिने बोळा घातला